शाळेच्या समितीतील विद्यार्थी प्रतिनिधी : तुमचे अनुभव

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. या कलमात विद्यार्थ्यांचा उल्लेख नाही. तरीही महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या फलकावर समितीच्या यादीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून एका मुलाचे आणि एका मुलीचे नाव असते. आपण असे प्रतिनिधी होता का, किंवा पालक वा शिक्षक म्हणून अशा मुलांसोबत सभेला बसला आहात का? मुलांचे म्हणणे इतिवृत्तात उतरले की नाही, हे आवर्जून लिहावे.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत असताना प्रतिनिधी होते. निवड म्हणजे बाईंनी माझे नाव घेतले आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या, एवढेच. पहिल्या दोन सभांत मी सतरंजीच्या कडेला बसून पोषण आहाराचा तांदूळ आणि भिंतींची रंगरंगोटी यांवरील चर्चा ऐकली. तिसऱ्या सभेपूर्वी मैत्रिणींनी मला बजावले की, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे आता तरी सांग. त्या दाराला आतून फक्त एक वाकलेला खिळा होता. आम्ही ओढणीचे एक टोक त्याला गुंडाळून दुसरे हातात घट्ट धरून ठेवत असू आणि बाहेर एक मैत्रीण दाराला पाठ टेकून उभी राही. कितीतरी मुली त्यामुळे शाळा सुटेपर्यंत पाणीच पीत नसत. समोर सरपंच आणि गावातले सगळे काका बसलेले असताना हे बोलायचे कसे, या विचाराने माझ्या घशाला कोरड पडली होती. ‘दाराला कडी नाही, म्हणून मुली पाणी पीत नाहीत,’ एवढेच मी म्हणाले. क्षणभर सगळे गप्प झाले. मग एका मैत्रिणीची आई म्हणाली, ‘गुरुजी, हे आधी लिहून घ्या, बाकीचं नंतर.’ मुख्याध्यापकांनी प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहिला आणि खाली माझी सही घेतली. आठवड्याभरात कडी बसली. नळाला पाणी यायला मात्र पुढचे वर्ष उजाडले.

*

माझा अनुभव उलट आहे. मला वर्षातून दोनदा तासावरून बोलावून घेत आणि नोंदवहीच्या कोऱ्या पानाच्या तळाशी सही करायला सांगत. ‘सर, सभा कधी झाली?’ असे मी एकदा विचारले, तेव्हा ‘तू सही कर, तुझा तास बुडतोय,’ असे उत्तर मिळाले. त्या कोऱ्या जागेत पुढे काय लिहिले गेले, हे मला आजही ठाऊक नाही आणि त्याचे वाईट वाटते.

*

मुख्याध्यापक हा या समितीचा सदस्य सचिव असतो, त्यामुळे विषयपत्रिका त्याच्याच हातात असते, हे मी त्या पदावर काम केल्यामुळे सांगू शकतो. सुरुवातीची काही वर्षे मी मुलांचा विषय शेवटी ठेवत असे, आणि तोवर धारा काढायची वेळ झाली म्हणून निम्मे पालक उठून गेलेले असत. नंतर मी तो पहिला घेऊ लागलो. आदल्या शनिवारी बालसभा होई आणि तिथे ठरलेले मुद्दे मुले कागदावर लिहून आणत. कागद हातात असला की आपण सर्वांच्या वतीने बोलत आहोत याचा मुलांना धीर येतो. एकदा बाहेरगावच्या मुलांसाठी एसटीची वेळ बदलावी, असा ठराव करून आम्ही आगारप्रमुखांना पाठवला. तीन महिन्यांनी नकाराचे पत्र आले. ते पत्र दोन्ही प्रतिनिधींनी परिपाठाच्या वेळी सर्वांसमोर वाचून दाखवले. नकार असला तरी तो आपल्या वर्गमित्रांपर्यंत स्वतः पोहोचवायचा, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

*

आम्ही जर्मनीत डुसेलडॉर्फला राहतो. नॉर्थ राईन-वेस्टफालिया राज्यातील माध्यमिक शाळांच्या समितीत शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांची संख्या समान असते आणि विद्यार्थ्यांना मतही असते. माझी मुलगी नववीत असताना तिथे निवडून गेली आणि मोबाइलविषयीच्या एका ठरावावर तिने आपल्या गणिताच्या शिक्षकांच्या विरोधात हात वर केला. आता हिचे कसे होणार, या काळजीने मला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच शिक्षकांनी तिला नेहमीसारखे गणित शिकवले. मी काळजीत का होते, हे तिला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला.

*

कडीचा अनुभव वाचून लिहावेसे वाटले. मी प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या शाळेत सभेची नोटीस दोन्ही प्रतिनिधींना त्यांच्या नावाने लेखी दिली जाते. परवा त्यातल्या मुलीने कंपासपेटीत घडी करून ठेवलेली नोटीस काढून दाखवली आणि विचारले, ‘बाई, पहिलीच्या मुलांना खिचडी तिखट लागते, हे या सभेत सांगितलं तर चालेल ना?’ तो विषय पत्रिकेत दुसऱ्या क्रमांकावर घेतला आहे.