मदत हवी आहे: इंजिनाचं उरलेलं आयुष्य, एफडी००१ ला जमतं, एफडी००२ ला गाडी अडते

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी नासाचा सी-मॅप्स डेटा घेतलाय (एफडी००१, एफडी००२ हे त्याचेच संच). इंजिनं टर्बोफॅन, पण सिम्युलेटरमधली. दर उड्डाणाची एक ओळ, ओळीत २१ सेन्सर. इंजिन बंद पडायला किती उड्डाणं उरली ते सांगायचं.

एफडी००१ मध्ये १०० इंजिनं, सगळी समुद्रसपाटीला, बिघाडही एकच: हाय प्रेशर कॉम्प्रेसरची झीज. पाच-सहा सेन्सर ढिम्म हलत नाहीत, ते काढले. पहिल्या इंजिनाचा चौथा सेन्सर (लो प्रेशर टर्बाइनमधून बाहेर पडतानाचं तापमान) १४०० रँकिनला (फॅरनहाइटच्याच अंशांत, पण निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं तापमान) सुरू होतो आणि १९२ व्या, म्हणजे शेवटच्या उड्डाणाला १४२५ च्या वर असतो. नुसत्या डोळ्यांना चढण दिसते.

एफडी००२ मध्ये २६० इंजिनं. तोच सेन्सर आलेखावर मांडला तर कंगव्याचे दात! ३०-३० उड्डाणांच्या विंडो (सलग तुकडे) पाडून त्यातल्या २० टक्के रँडम, व्हॅलिडेशनला म्हणजे मॉडेल तपासायला, बाजूला ठेवल्या. त्यांच्यावर चूक ८ उड्डाणांची, खऱ्या टेस्टवर ३४. सर म्हणतात न्यूरल नेटवर्कचे लेयर वाढव. वाढवले, ढिम्म. सोमवारी रिव्ह्यू आहे.

प्रतिसाद १
विंडो पाडून मग वाटल्यास ना? एकाच इंजिनाची एक विंडो ट्रेनिंगला, एका उड्डाणाने सरकलेली तिची जुळी बहीण व्हॅलिडेशनला. पेपर फुटलाय तुझा. आधी इंजिनं वाट, मग विंडो पाड.

प्रतिसाद २
मी हँगरमधला माणूस, कोडिंगमधलं कळत नाही. पण ईजीटीचा (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाचा) ट्रेंड बघताना आम्ही टेकऑफ टेकऑफशी आणि क्रूझ क्रूझशीच ताडतो. जमिनीवरचं आणि ३५ हजार फुटांवरचं तापमान एकाच रेघेत जोडलंस तर झीज त्यात बुडणारच. उंची, मॅक (ध्वनीच्या पटीतला वेग), थ्रॉटलचे कॉलम आहेत का बघ.

धागाकर्ता
काका, आहेत! सेन्सरांच्या आधीचे तीन कॉलम, मी बिनकामाचे म्हणून उडवले होते. सहाच गट निघाले: ०, १०, २०, २५, ३५ आणि ४२ हजार फूट. प्रत्येक गटाची सरासरी वेगळी धरून नॉर्मलाइज केलं (एका मापात आणलं), तर कंगवा गेला आणि चढण दिसायला लागली. इंजिनं वेगळी केल्यावर व्हॅलिडेशनची चूक ८ वरून २३ झाली, पण टेस्टही आता २५ वर आहे. सरांना हे आकडे पटवणं माझ्याकडे लागलं.

एक अडलंय अजून. काही इंजिनांना मॉडेल हातचं राखून न सांगता जास्तच आयुष्य देतंय. याच सिम्युलेटरच्या डेटावर झालेल्या स्पर्धेच्या स्कोअरमध्ये उशिराच्या अंदाजाला दंड जास्त आहे (दंड घातांकी; घातांकात चूक, लवकर असेल तर भागिले १३, उशीर असेल तर भागिले १०). तोच स्कोअर लॉस (ट्रेनिंगमध्ये कमी करत न्यायचा आकडा) म्हणून वापरला तर ट्रेनिंग भडकतं. कोणी केलंय का?