मदत हवी आहे: बीकॉमच्या दुसऱ्या वर्षी कमी पडलेले गुण एमबीएच्या मुलाखतीत कसे सांगावेत?

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. आम्ही औसा तालुक्यातले, तो लातूरला बीकॉम झाला. दहावी-बारावीला चांगले गुण होते. दुसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखाना त्याच्याच अंगावर, त्यात सोयाबीनची रास आणि सेमिस्टरची परीक्षा एकाच वेळी. दोन विषय राहिले, ते नंतर निघाले. तिसऱ्या वर्षी सावरला, तरी एकूण टक्केवारी ५४च्या आसपासच राहिली. आता एका सीएंकडे जीएसटीचं काम बघतो.

राज्याच्या कॅप फेरीची (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची) काळजी नाही. तिथं पदवीला ५० टक्के (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५) असले की पुढची यादी सीईटीवर, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. पण त्यानं कॅटही (आयआयएमची प्रवेश परीक्षा) दिली आहे आणि बऱ्याच आयआयएम दहावी-बारावीचे, काही तर पदवीचेही गुण धरतात. खासगी संस्थाही मार्क मेमो समोर ठेवूनच विचारतात. एका ठिकाणी "घरच्या अडचणी सगळ्यांनाच असतात" म्हणून विषय संपवला. पोरगं त्या दिवशी जेवलं नाही.

वडिलांच्या आजाराचं अर्जातच लिहावं, की विचारल्यावर सांगावं? माझं मत, आधीच लिहावं, त्यात लपवण्यासारखं काय आहे? तो म्हणतो, ताई, दया मागितल्यासारखं दिसतं. दवाखान्याचे कागद जोडावेत का?

प्रतिसाद:
ताई, अर्जात जागा असेल तर जरूर लिहा, पण तीनच वाक्यांत: काय झालं, कोणत्या सेमिस्टरला, त्यानंतर गुण कसे वाढले. बाकी सगळी जागा जीएसटीच्या कामाला द्या. कागद फाईलमध्ये असू द्या, मागितले तरच काढायचे. शिफारसपत्र अशा सरांकडून घ्या ज्यांनी त्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही वर्षी शिकवलंय. आजाराची गोष्ट त्यांच्या पत्रात आली की त्याला स्वतःला फार बोलावं लागत नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे, जे दोन विषय राहिले होते ते आता पक्के करून घ्या. मेमोवर कमी गुण दिसले की मुलाखत घेणारे बहुतेक वेळा त्याच विषयातलं विचारतात. कॉस्टिंग राहिलं असेल तर ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा होणारी विक्री) कागदावर मांडून दाखवता आलं पाहिजे. इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) तर तो रोजच बघतो, त्याचं खरं उदाहरण तयार ठेवायला सांगा. कोणते विषय होते ते इथं लिहा, मी प्रश्न काढून देतो.