रोमानियन ‘कासेतोफोन’ची फोड कशी करायची?

सीताबर्डीकर:
नागपुरातल्या आमच्या भाषागटासाठी यंत्रांच्या युरोपीय नावांचं टिपण करतोय. कॅसेटच्या टेपरेकॉर्डरला रोमानियनमध्ये ‘कासेतोफोन’ म्हणतात. ‘कासअ’ म्हणजे घर, म्हणून ‘आवाजाचं घर’ अशी फोड एका यादीत दिली आहे. ती धरायची का? आणि मधला ‘ओ’ कशाचा?

धरमपेठ:
‘घर’ काढून टाका. तो ‘कासअ’ लॅटिन ‘कासा’पासूनचा. इथला पहिला भाग ‘कासेतअ’, म्हणजे कॅसेट किंवा छोटी पेटी. तो फ्रेंचमधून आला आणि मागे लॅटिन ‘काप्सा’पर्यंत, म्हणजे पेटीपर्यंत, जातो. फसगत होते ती आणखी एका ‘कासअ’मुळे: दुकानाच्या गल्ल्यालाही तोच शब्द आहे आणि तो मात्र ‘काप्सा’च्याच कुळातला! म्हणून नुसत्या उच्चारावरून मूळ ठरवू नका. ‘देक्स’ या कोशात नोंदीच्या शेवटी ‘दिन’ (म्हणजे ‘-पासून’) लिहून पुढे मूळ भाषा देतात. आधी ते बघा, लॅटिन नंतर.

महालवाला:
‘ओ’चं उत्तर जुन्या ‘माग्नेतोफोन’मध्ये आहे. एईजी कंपनीने 1935 मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘माग्नेटोफोन’ मांडला. ते व्यापारी नाव पुढे कितीतरी भाषांत टेपरेकॉर्डरचं सामान्यनाम झालं. त्यात 6.5 मिमी रुंदीची फीत उघड्या रिळांवर फिरायची. फिलिप्सची 3.81 मिमी फितीची बंद कॅसेट आली 1963 मध्ये. यंत्र त्याच जातीचं, फीत तेवढी डबीत गेली. मग नावातही ‘माग्नेतो’च्या जागी ‘कासेतो’ बसलं. ‘कासेतअ’चा शेवटचा स्वर गळतो आणि जुन्या साच्यातला ‘ओ’ राहतो. ‘फोन’ हा ग्रीक ‘फोने’, म्हणजे आवाज. बल्गेरियनमध्येही ‘कासेतोफोन’च आहे, तेव्हा ‘फक्त रोमानियन शब्द’ असा शेरा नको.

सीताबर्डीकर:
छान उलगडलंत, आभार. देवनागरीत ‘कॅसेटोफोन’ चालेल?

धरमपेठ:
नको, त्यात इंग्रजी उच्चार शिरतो. रोमानियन ‘त’ दंत्य आहे, म्हणून ‘कासेतोफोन’च. अनेकवचन ‘कासेतोफ्वाने’, ‘तो कासेतोफोन’ म्हणायचं तर शेवटी ‘उल’ लागून ‘कासेतोफोनुल’. टिपणात एकवचन-अनेकवचन दोन्ही द्या, कारण हे नाम एकवचनात पुल्लिंगासारखं आणि अनेकवचनात स्त्रीलिंगासारखं चालतं. रोमानियन व्याकरणात त्याला नपुंसकलिंगच म्हणतात.