मदत हवी आहे: ‘गूगलने साइन इन’ करतो त्या खात्यांना टू-फॅक्टर नेमकं कुठे लावायचं?

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्याला एका लहान सीए ऑफिसात काम करते. आम्ही सातजण. माझं शिक्षण कॉमर्सचं, पण कॉम्प्युटरचं काही अडलं की ते माझ्या टेबलावर येतं.

ऑफिसच्या डोमेनवर गूगल वर्कस्पेस (ऑफिससाठीचं जीमेल वगैरे) आहे. क्लायंटची कागदपत्रं एका ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि तिथे आम्ही ‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबून शिरतो. आता एका क्लायंटने लेखी कळवलंय की त्यांच्या फाइली उघडणाऱ्या प्रत्येक खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत आणखी एक पुरावा, जसा कोड) हवं. सरांनी महिनाअखेरची मुदत दिली आहे.

माझ्या खात्यात टू-फॅक्टरचा पर्याय पुसट दिसतो, दाबताच येत नाही. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं खातं जुनं, ईमेल-पासवर्डचं. त्यांना तोच पर्याय नीट दिसतो. मग मी गूगलवरच टू-स्टेप (गूगलचं टू-फॅक्टर) चालू केलं, कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर ॲप घेतलं. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर उघडलं, तर कोड न विचारता थेट आत! म्हणजे लागलंच नाही का?

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. अकाउंट्सचा एक आयडी आम्ही तिघी वापरतो. त्याचा कोड सरांच्या मोबाइलवर जाणार. सर बदलापूरहून लोकलने येतात, गर्दीत फोन खिशातून काढता येत नाही. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायची घाई असताना आम्ही कोडची वाट बघत बसायचं का? आणि कोणाचा फोन हरवला तर? क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट सगळं तिथे आहे, म्हणून अर्धवट काही करायचं नाहीये. कृपया समजावून सांगा.

प्रतिसाद १

ताई, तुमचं लागलेलं आहे. गूगलने साइन इन करता तेव्हा पासवर्ड त्या सॉफ्टवेअरकडे जातच नाही. गूगल तुम्हाला ओळखतं आणि ‘ही तीच व्यक्ती’ असं सही केलेलं पत्र सॉफ्टवेअरला देतं. सॉफ्टवेअरचं स्वतःचं टू-फॅक्टर त्याच्या स्वतःच्या पासवर्डला जोडलेलं असतं. तुमच्याकडे तो पासवर्डच नाही, म्हणून पर्याय पुसट. कोड विचारला नाही, कारण त्या ब्राउझरमध्ये तुम्ही गूगलला आधीच लॉगिन होतात. इन्कॉग्निटो खिडकीत (तिथे आधीचं लॉगिन नसतं) करून बघा, विचारेल. त्यामुळे उठताना स्क्रीन लॉक करायची सवय सगळ्यांना लावा.

सातजणांच्या मागे फिरू नका. वर्कस्पेसच्या ॲडमिन कन्सोलमध्ये सिक्युरिटीखाली टू-स्टेप सक्तीचं करता येतं आणि त्याला पुढची तारीखही देता येते. मात्र त्या तारखेपर्यंत ज्याने नोंदणी केली नाही तो बाहेर अडकतो, म्हणून आधी सगळ्यांचं स्वतः बघा आणि मगच सक्ती लावा. २० तारखेच्या आसपास तर नकोच.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच धोक्याची आहे. गूगलचं बटण यायच्या आधी तुमच्यापैकी कोणी त्या सॉफ्टवेअरला पासवर्ड ठेवला होता का? बऱ्याच ठिकाणी तो जुना पासवर्ड चालूच राहतो. पुढच्या दाराला दोन कुलपं आणि मागचं दार नुसतं लोटलेलं, असं होतं. सॉफ्टवेअरच्या ॲडमिनमध्ये ‘फक्त एसएसओ’ (म्हणजे फक्त गूगलच्या बटणानेच लॉगिन) असा पर्याय असेल तर तो लावा. नसेल तर जुन्या खात्यांवर सॉफ्टवेअरचं टू-फॅक्टर वेगळं लावा.

तिघींचा एक आयडी मोडा. मालवाहतुकीच्या ई-वे बिलाच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच टू-फॅक्टर सक्तीचं झालं, तिथेही ओटीपी ज्याच्या त्याच्या नंबरवर जातो, म्हणून प्रत्येकासाठी वेगळे सब-यूजर तयार करावे लागले. इथेही तेच करा: सॉफ्टवेअरमध्ये तिघींची वेगळी खाती, आणि अकाउंट्सच्या मेलसाठी जीमेलचं डेलिगेशन. प्रत्येकीला आपल्याच लॉगिनने तो मेल दिसेल.

ऑथेंटिकेटरला नेटवर्क लागत नाही. क्यूआर स्कॅन करताना फोनमध्ये एक गुपित साठतं, त्यावरून आणि घड्याळावरून दर ३० सेकंदांनी नवा ६ अंकी कोड तयार होतो. फोनची वेळ मात्र ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. फोन हरवण्याची सोय म्हणजे बॅकअप कोड. गूगल १० देतं, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर छापून ऑफिसच्या कपाटात ठेवा, त्याच मेलमध्ये नको.

मूळ प्रश्नकर्ती, दोन दिवसांनी

दोघांचे मनापासून आभार. इन्कॉग्निटोत कोड विचारला, जिवात जीव आला. पण जुन्या पासवर्डचं खरं निघालं. तीन खाती नुसत्या पासवर्डने उघडत होती आणि त्यातलं एक वर्षभरापूर्वी सोडून गेलेल्या आर्टिकलचं (शिकाऊ सीएचं). वाचून हात थंड पडले. ते त्याच क्षणी बंद केलं, सरांना दाखवलं आणि ‘फक्त एसएसओ’ लावलं. सक्तीची तारीख २५ ठेवली आहे.

एकच राहिलं. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे साधा फोन आहे, ऑथेंटिकेटर चालणार नाही. यूएसबीची सिक्युरिटी की (कोडऐवजी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) घेतली तर एकावर भागेल का, की दुसरी जवळ ठेवावी? कोणी वापरत असेल तर सांगा.

प्रतिसाद २

दोन घ्या. दोन्ही एकाच दिवशी नोंदवा, एक त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, दुसरी सरांच्या कपाटात.