इराणचे पोलीस नेमके कोणाचे?

एकांनी विचारलंय, इराणचा राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडलेला असतो, मग तो पोलिसांना आवरत का नाही? कारण लगाम त्याच्या हातात नाहीच. घटनेच्या कलम ११० नुसार सशस्त्र दलांचे सरसेनापती म्हणजे सर्वोच्च धर्मनेते. पोलीसप्रमुखही तेच नेमतात. १९९१ मध्ये शहर पोलीस, जाँदार्मरी (ग्रामीण भागाचं सशस्त्र पोलीस दल) आणि १९७९ च्या क्रांतीतून उभ्या राहिलेल्या सशस्त्र क्रांती समित्या एकत्र करून आजचं पोलीस दल उभं राहिलं. म्हणजे क्रांतीची माणसं खात्यातच मुरली.

पण मला जास्त अस्वस्थ करतं ते बसीज. क्रांतीचे नेते आणि पहिले सर्वोच्च धर्मनेते खोमेनी यांच्या हाकेवरून १९७९ मध्ये उभं राहिलेलं हे स्वयंसेवक दल पुढे क्रांतिरक्षक दलाच्या, म्हणजे राजवटीच्या रक्षणासाठीच्या वेगळ्या लष्करी दलाच्या, हाताखाली गेलं. त्याच्या शाखा मशिदींत, विद्यापीठांत, कारखान्यांत. पोलीस निदान गणवेशावरून ओळखता येतो हो! राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालाविरुद्ध झालेल्या २००९ च्या आंदोलनात साध्या कपड्यांत, मोटारसायकलींवरून दंडुके घेऊन आलेली माणसं कोणाची, हे विचारायचं कुणाला? शेजारचाच मुलगा बसीजमध्ये असेल, तर माणूस घरातही आवाज खाली करून बोलतो.

२०२२ मध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेली तरुणी महसा अमिनी मरण पावली ती गश्त-ए-इर्शादच्या, म्हणजे पेहराव-वर्तनावर नजर ठेवणाऱ्या पोलिसांच्याच पथकाच्या, ताब्यात असताना. त्यामुळे ‘फक्त ते पथक बंद करा’ हा सुचवला जाणारा उपाय मला अपुरा वाटतो. हुकूम देणारा, म्हणजे सर्वोच्च धर्मनेता, तोच राहतो.