मदत हवी आहे: केपाच्या ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूऐवजी पर्यायी पावडर, बार उशिरा होतो

डेलावेअरकर
पूर्व पेनसिल्व्हेनिया. बंदूक .५० कॅलिबरची, बाहेर घोडा असलेली, ११ नंबरच्या केपाची (केप म्हणजे घोडा आपटला की आग देणारी छोटी टोपी). नळीचा पीळ ४८ इंचात एक फेरा. गोळी .४९० ची गोल, शिशाची, .०१५ इंच जाड कापडात गुंडाळून. काळी दारू २एफ (एफ म्हणजे दाण्याची जाडी, आकडा वाढला की दाणा बारीक), ८० ग्रेन (ग्रेन हे छोटं वजन), असा बार बसलेला होता. ती दारू जवळपास मिळत नाही म्हणून पर्यायी पावडरीकडे वळलो. आता केप फुटते, क्षणभर काही होत नाही आणि मग बार निघतो. काही वेळा निघतच नाही.

१. ८० ग्रेन काट्यावर तोलायचे की मापाने?
२. उशीर पावडरीमुळे की बंदुकीमुळे?
३. गोळी आत राहिली तर काढायची कशी?

शिंगाडा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण धोका तिथे आहे. पर्यायी पावडर नेहमी मापाने. डब्यावर लिहिलेले ग्रेन हे "तेवढ्या काळ्या दारूला जेवढी जागा लागते तेवढी पावडर" या अर्थाने असतात. पायरोडेक्स आरएस ही पर्यायी पावडर काळ्या दारूपेक्षा हलकी असते. काट्यावर ८० ग्रेन तोललीत तर माप शंभराच्या पुढे जातं, म्हणजे बार ठरवल्यापेक्षा बराच मोठा होतो.

पायरोडेक्स आरएस: २एफच्या जागी त्याच मापाने, ८० ला ८०.
ट्रिपल सेव्हन २एफ (दुसरी पर्यायी पावडर): काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के जोरकस. जुन्या ८० चा वेग हवा असेल तर माप ६८ वर आणा. सुरुवात ६० पासून करा, पाच-पाच ग्रेनने वर चढा आणि निशाण्यावरचा पुंजका पाहून थांबा. बंदुकीसोबतच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडू नका.

डब्यातून किंवा शिंगातून थेट नळीत ओतू नका. आत ठिणगी राहिली असेल तर अख्खा साठा हातात पेटेल. आधी मापात, मग नळीत.

आणि आधुनिक बिनधुराची पावडर कोणत्याही मिश्रणात, चिमूटभरही नको. तिचा दाब या नळ्यांना पेलत नाही.

निपलपाना
दुसरा प्रश्न. दोन्ही कारणं आहेत. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन दोन्ही काळ्या दारूपेक्षा जास्त तापमानाला पेट घेतात. बाहेरच्या घोड्याच्या बंदुकीत केपेची आग निपलमधून (केप बसवायच्या भोकाच्या बोंडातून) उतरते, काटकोनात वळते आणि मग दारूपर्यंत पोचते. काळी दारू या वळणातली अशक्त आगही पकडते, पर्यायी पावडर पकडत नाही. त्यामुळे एरवी खपून गेलेलं तेल किंवा काजळी आता अडचण बनते.

भरण्याआधी नळीतून कोरडी कापडं फिरवा, शेवटचं स्वच्छ निघेपर्यंत. निपल काढा, भोकातून पाइप-क्लीनर घाला. बाजूला सफाईचा स्क्रू असेल तर तोही उघडून मागची पोकळी पुसा. निपल परत बसवून दोन केपा रिकाम्या फोडा. दुसऱ्या वेळी नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरा. पातं जोरात हललं तर वाट मोकळी आहे, नाही हललं तर भरू नका.

मग पावडर ओता आणि निपलच्या बाजूने नळीवर तळहाताने चार-पाच थापा मारा, म्हणजे दाणे वळणापर्यंत सरकतात. पायरोडेक्सवर गोळी घट्ट दाबून बसवावी लागते आणि दर वेळी सारख्याच जोराने. ट्रिपल सेव्हनवर ती नीट टेकली की पुरे, ठेचायची नाही. गोळी आणि पावडर यांत फट मात्र कधीच राहता कामा नये, त्याने नळी फुगते. गोळी ठासायच्या गजावर दोन खुणा करा: एक रिकाम्या नळीची, एक तुमच्या ठरलेल्या बाराची.

एवढं करूनही उशीर होत असेल तर ११ नंबरची मॅग्नम केप, नाहीतर मस्केट केपेचं (मोठ्या, जास्त आगीच्या केपेचं) निपल. निपलचे आटे आधी तपासा, १/४-२८ आणि मेट्रिक ६×१ एकमेकांत जातील असं वाटतं, पण आटे बिघडतात.

डेलावेअरकर
धन्यवाद. ब्लॅकहॉर्न २०९ ही पर्यायी पावडर या बंदुकीत चालेल का? आणि चकमकीची बंदूक घेतली तर?

शिंगाडा
ब्लॅकहॉर्न नको. तिला २०९ शॉटगन प्रायमरची आगच लागते, ती सरळ नळीमागून पेटवणाऱ्या इन-लाइन बंदुकांसाठी आहे. ११ नंबरच्या केपेवर भरवसा ठेवू नका.

पेनसिल्व्हेनियातल्या नाताळानंतरच्या फ्लिंटलॉक हंगामासाठी चकमकीची घेणार असाल तर खरी काळी दारूच शोधा: रंजकाला (चकमकीच्या ठिणगीने आधी पेटणाऱ्या बाहेरच्या चिमूटभर दारूला) ४एफ, नळीत २एफ किंवा ३एफ. पर्यायी पावडर रंजकाच्या आगीने नीट पेटत नाही. लुइझियानातला गोएक्स या काळ्या दारूचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाल्यावर टंचाई होती. २०२२ मध्ये एस्टेस कंपनीने तो विकत घेतला. ऑनलाइन मागवताना धोकादायक मालाचं शुल्क पडतं, म्हणून चौघांनी मिळून मागवलेली परवडते.

माडबन
हीच पावडर कोकणात गावच्या बंदुकीला चालेल का?

शिंगाडा
नेण्याचा विचारही करू नका. विमानात ती कुठल्याच सामानात चालत नाही. भारतात दारू आणि केपा परवान्यावर, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायच्या.

निपलपाना
तिसरा प्रश्न राहिला. बार झाला नाही तर तोंड निशाण्याकडेच धरून किमान एक मिनिट थांबा, दोन थांबलात तर उत्तम. नवी केप लावून पुन्हा प्रयत्न करा. तरी नाही तर केप काढा, निपल काढून मागच्या पोकळीत चिमूटभर पावडर सरकवा, निपल घट्ट बसवा, गजाने गोळी पुन्हा तळाशी टेकवा, गज बाहेर काढा आणि मग चाप ओढा. पावडर टाकायचीच राहून कोरडी गोळी गेली असेल तरी बहुतेक वेळा ती अशीच बाहेर पडते. सीओटू डिस्चार्जर (वायूच्या दाबाने गोळी बाहेर ढकलणारं साधन) असेल तर तोही चालतो, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून.

साफसफाई त्याच दिवशी. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हनमधल्या परक्लोरेटमुळे मागे क्लोराइडचे क्षार राहतात, ते ओल ओढून पोलाद खातात. नुसत्या तेलाने ते निघत नाहीत. गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मग कोरडी कापडं, मग तेल. दुसऱ्या दिवशी एक पांढरं कापड पुन्हा फिरवा. तांबूस आलं तर पाण्यापासून सगळं परत. ट्रिपल सेव्हनने गोळीच्या जागी कडक कडं धरलं तर दोन बारांमध्ये एक ओलसर आणि एक कोरडं कापड फिरवा, पुढची गोळी वरच अडकणार नाही.