मदत हवी आहे: ४२ पीसींना एकाच सर्व्हरवरून अपडेट द्यायचेत, पण कन्सोलमध्ये निम्मेच पीसी दिसतात

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या एका सीए ऑफिसचं नेटवर्क सांभाळतो. मेन ऑफिसला ४२ डेस्कटॉप आणि तासगावच्या शाखेत ६, ते व्हीपीएनवरून जोडलेत. डोमेन आहे, सर्व्हर विंडोज २०१९, पीसी जवळपास सगळे विंडोज ११. आजवर प्रत्येक पीसी आपापला अपडेट नेटवरून ओढायचा, आणि सगळे एकदम ओढायला लागले की लाइन पार झोपायची, जीएसटीचं पोर्टल उघडता उघडत नाही आणि आर्टिकलशिप करणारी मुलं माझ्या नावानं हाका मारतात. म्हणून सर्व्हरवर डब्ल्यूसस (अपडेट एकदाच उतरवून आतल्या पीसींना वाटणारी मायक्रोसॉफ्टची सोय) बसवलं, ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींना एकाच जागेवरून सेटिंग लावायची सोय) सर्व्हरचा पत्ता ८५३० पोर्टसकट दिला. काही पीसी लगेच दिसले, अपडेटही गेले. पण पुढं तीन गोष्टींत अडकलोय.

पहिली आणि सगळ्यात डोकं खाणारी म्हणजे कन्सोलमध्ये ४२ पीसी कधी दिसतच नाहीत. वीस-पंचवीस दिसतात आणि तेही बदलत राहतात. सकाळी अकाउंट्सचा एक पीसी यादीत असतो, दुपारी तो गायब आणि त्याच्या जागी ऑडिटवाल्यांचा पीसी आलेला. पॉलिसी सगळीकडं नीट लागलीय, जीपीरिझल्ट (कुठली पॉलिसी लागली ते दाखवणारी कमांड) काढून पाहिलं. फायरवॉलही पाहिली. हे सगळे पीसी एका व्हेंडरनं एकदमच सेटअप करून दिले होते, माझ्या आधी.

दुसरी गोष्ट तारखांची. मायक्रोसॉफ्टचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडं तेव्हा रात्र असते, म्हणजे हातात बुधवारी पडतात. दुसरा मंगळवार ८ ते १४ च्या मधेच कधीतरी येणार, आणि ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची शेवटची तारीख. त्या दिवसांत कुणाच्या पीसीवर "रीस्टार्ट करा" आलं तरी सर मला केबिनमध्ये बोलावतात. त्यांचंही बरोबर आहे, क्लायंटला लेट फी लागली तर उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. सर म्हणतात अपडेट बंदच ठेव. मला ते अजिबात पटत नाही, पण त्यांना सांगायला पक्की योजना पाहिजे.

तिसरी, रात्रीचं शेड्यूल लावलं तर ऑफिसचे शिपाई मामा साडेसातला जाताना मेन स्विचच बंद करतात. शॉर्ट सर्किटच्या भीतीनं ऑफिसची ही जुनी पद्धत आहे आणि ती बदलणार नाही.

कुणी हे केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्याच व्हेंडरवाल्या वाक्यात आहे. व्हेंडरनं एका पीसीवर सगळं बसवून त्याची इमेज (पूर्ण डिस्कची नक्कल) बाकीच्यांवर उतरवलेली दिसते, सिसप्रेप न करता, म्हणजे नकलेतली त्या पीसीची ओळख न पुसता. प्रत्येक पीसीला डब्ल्यूससकडं ओळख सांगायला एक ससक्लायंटआयडी असतो, तो रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) राहतो आणि इमेजबरोबर जसाच्या तसा कॉपी होतो. आता सर्व्हरला दहा पीसी एकच आयडी सांगतात, त्यामुळं जो शेवटी बोलला तोच यादीत.

गायब होणाऱ्या पीसीवर विंडोज अपडेट सर्व्हिस थांबवा. रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, विंडोजअपडेट असं आत जा, तिथं ससक्लायंटआयडी आणि ससक्लायंटआयडीव्हॅलिडेशन या दोनच व्हॅल्यू उडवा, बाकी कशाला हात लावू नका. सर्व्हिस सुरू करा आणि सेटिंग्जमधून चेक फॉर अपडेट्स दाबा, नवा आयडी आपोआप बनतो. आधी दोन पीसींवर करून बघा, जमलं की स्टार्टअप स्क्रिप्ट करून सगळ्यांना द्या. फक्त ती स्क्रिप्ट एकदाच चालली पाहिजे, नाहीतर रोज नवा आयडी बनेल आणि यादी उलट फुगेल.

प्रतिसाद

तारखांबद्दल. डब्ल्यूससमध्ये तीन ग्रुप करा. पहिल्यात तुमचा स्वतःचा पीसी आणि प्रत्येक डिपार्टमेंटचा एकेक, पण त्यातला एक तरी डीएससी टोकन (डिजिटल सहीचा यूएसबी) लावून सही करणारा हवाच. आमच्याकडं अपडेटनंतर एक्सेल, टॅली, प्रिंटर सगळं चालू होतं आणि टोकनच ओळखेना, ते कळलं फाइल अपलोड करून सही करायच्या वेळी. तेव्हापासून आमची टेस्ट म्हणजे टोकन लावायचं, एमसाइनर (पोर्टलवर डिजिटल सही करायचं सॉफ्टवेअर) चालू करायचं, पोर्टलवर सर्टिफिकेट दिसतंय का बघायचं. ते दिसलं तरच पुढं. दुसऱ्या ग्रुपला १२ नंतर अप्रूव्हल, तिसऱ्यात फायलिंगवाले, त्यांना २० उलटल्यावर. महिना संपायच्या आत सगळे पूर्ण होतात.

सरांना हे सांगा की थांबायला हरकत नाही, बंद करायला आहे. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस मे २०१७ मध्ये पसरला आणि ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी लावला नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या तशाच व्हायरसनं आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. आणि उलटी बाजूही खरी आहे, नॉटपेट्या पसरला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीची एक सदोष फाइल एकदम सगळीकडं गेली तर जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली, आपल्या विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून द्यायची वेळ आली. म्हणून आधी थोड्यांना, मग बाकीच्यांना.

धागाकर्ता

खूप खूप आभार दोघांचे. दोन पीसींवर आयडी उडवून पाहिला, दोन्ही यादीत आले आणि टिकले!! आता स्क्रिप्ट लावतोय, आयडी बदलल्यावर ती रजिस्ट्रीत एक खूण ठेवते आणि खूण दिसली की काही न करता बाहेर पडते. टोकनचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच नव्हता, पहिल्या ग्रुपमध्ये सही करणाऱ्या मॅडमचा पीसी टाकतो, त्यांच्याशी बोलून. मेन स्विच आणि तासगावचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद

मामांना त्रास देऊ नका, शेड्यूलच बदला. पॉलिसीत कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्सला ४ नंबरचा पर्याय (आपोआप डाउनलोड, ठरल्या वेळी इन्स्टॉल) घ्या आणि वेळ दुपारी १ ची ठेवा, जेवणाच्या सुट्टीत इन्स्टॉल होऊन जातं. कुणी लॉगिन असेल तर आपोआप रीस्टार्ट करू नको, अशी वेगळी पॉलिसी आहे तीही चालू करा. मग संध्याकाळी जाताना सगळ्यांनी अपडेट अँड शट डाउन करायचं. एक मात्र मामांना नक्की सांगा, सीपीयूची लाइट पूर्ण विझल्याशिवाय मेन स्विच पाडायचा नाही. अपडेट चालू असताना करंट गेला की पीसी दुसऱ्या दिवशी कधी अर्धा तास रोलबॅक (अपडेट मागं घेणं) करत बसतो, कधी उठतच नाही.

तासगावला सहा पीसींसाठी वेगळा सर्व्हर नको. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (पीसींनी अपडेटच्या फाइल आपापसात वाटून घ्यायची विंडोजची सोय) लॅन मोडवर ठेवा, म्हणजे मोड १. एका पीसीनं व्हीपीएनवरून फाइल आणली की बाकीचे बरीचशी त्याच्याकडूनच घेतात, त्यासाठी त्यांच्यात आपापसात ७६८० पोर्ट उघडा हवा.

अजून एक, न विचारता सांगतो. सर्व्हरवर फक्त तुमच्याकडची प्रॉडक्ट टिक करा आणि ड्रायव्हर अजिबात घेऊ नका, डिस्क बघता बघता भरते. आणि डब्ल्यूससलाच ऑक्टोबर २०२५ मध्ये एक गंभीर भोक सापडलं होतं, त्याचा पॅच महिन्याच्या ठरलेल्या दिवसाबाहेर तातडीनं काढला गेला. तो तुमच्या सर्व्हरवर आहे का आजच बघा, आणि ८५३० नि ८५३१ हे पोर्ट राउटरवरून बाहेर उघडे नसावेत.

धागाकर्ता

राउटर पाहिला. ८५३० बाहेरून उघडा होता, तासगावसाठी व्हीपीएन यायच्या आधीचा जुना नियम तसाच राहिला होता. बंद केला. सर्व्हरवर तो पॅच नव्हता, आता डाउनलोड होतोय. संध्याकाळी सगळे गेल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करतो, मामांना थांबायला सांगितलंय. उद्या यादीत किती पीसी आले ते इथंच कळवतो.